‘नेहमी गराजमध्येच असायचा’ म्हणणाऱ्या दादांना खुले पत्र

आदरणीय दादा,



पत्रास कारण की, तुमचा फोन लागत नाही. मेसेजवर निळ्या खुणा मात्र वेळेवर उमटतात, त्यावरून प्रकृती ठीक असल्याचं कळतं. आपल्या मराठी मंडळाच्या संक्रांतीला आम्ही दिसताच तुम्ही तिळगूळ अर्धवट टाकून मागच्या दारानं निघालात, तेव्हा गुडघेही उत्तम चालू असल्याची खात्री पटली. खाजगीत बोलायला तुम्हाला सवड नाही, म्हणून चारचौघांत लिहिते आहे. नाव घेत नाही. मिशिगनात मराठी माणसं पुष्कळ आहेत आणि एकमेकांना जुन्या वस्तू विकणारीही बरीच. ज्याचं त्याला कळेल.

विषय तुमच्याकडून आम्ही घेतलेल्या पॉप-अप ट्रेलरचा. ज्यांनी पॉप-अप पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बंद असताना ही कमरेच्या जरा वर येणारी, चाकांवरची चपटी पेटी. गाडीच्या मागे हिचच्या बॉलवर अडकवायची आणि कॅम्पग्राउंड गाठायचं. तिथे दांडा फिरवला की छप्पर वर जातं, दोन्ही टोकांनी पलंग बाहेर सरकतात आणि मधल्या भिंती कॅनव्हासच्या उभ्या राहतात. आत छोटा ओटा, प्रोपेनची शेगडी आणि रात्री अंथरूण होणारं टेबल. साधी मिनीव्हॅनही ओढते, जमिनीवर झोपावं लागत नाही आणि मोठ्या ट्रेलरएवढे पैसेही पडत नाहीत. तंबूवाले आपल्याला श्रीमंत समजतात, मोटरहोमवाले तंबूवाल्यांत काढतात. एकूण मध्यमवर्गीयांना शोभेल असंच वाहन.

तुमची ग्रुपवरची जाहिरात मी जपून ठेवली आहे. ‘पॉप-अप देणे आहे. आपल्याच माणसाला द्यायचा. नेहमी गराजमध्ये. फारसा वापरलेला नाही. टायर नवे. एकदाही गळला नाही.’ भाव साडेचार हजार डॉलर, ‘बाहेरच्यांना पाच’. इतक्या थोडक्या शब्दांत इतकं ललित लेखन मंडळाच्या दिवाळी अंकातही येत नाही. एकेका वाक्याचं रसग्रहण करावं म्हणते.

आधी तुमच्या आदरातिथ्याबद्दल. वहिनींनी साबुदाण्याची खिचडी केली होती आणि ती आम्हाला ट्रेलरच्या आतच, टेबलापाशी बसवून खाऊ घातलीत. दोन्ही हातांत बशी आणि चमचा असला की माणूस जमीन दाबून बघत नाही, उशा उचलत नाही. माझ्या यजमानांना तुम्ही हिच आणि ब्रेकच्या दिव्यांबद्दल सांगितलंत, मला पडदे दाखवलेत. पडदे खरंच सुंदर आहेत. पुढे या ट्रेलरखाली उताणी पडून चाकांच्या बेअरिंगमध्ये ग्रीस भरणारी, छपराच्या कडा खरवडणारी आणि उंदरांची घरटी काढणारी बाई मीच होते, तेव्हा मन रमवायला ते फार उपयोगी पडले.

दार उघडताच आत चंदनाचा दरवळ होता. ‘रोज उदबत्ती लावतो, वाहनाला बरं असतं,’ असं म्हणालात. कापडी भिंतींच्या पेटीत, प्रोपेनच्या शेगडीशेजारी उदबत्ती! एवढी निडर भक्ती विरळाच. आमच्या ड्राइव्हवेत आल्यावर चंदन उडून गेलं आणि पावसाळ्यात माळ्यावर राहिलेल्या गोधडीसारखा कुबट वास तेवढा उरला. कॅनव्हासवरचे बारीक काळे ठिपके तुम्ही ‘डिझाइन’ म्हणून दाखवले होते. ते डिझाइन दर आठवड्याला वाढत गेलं. कॅनव्हास ओला असताना पेटी बंद केली, तर घरी आल्यावर दिवसा-दोन दिवसांत पुन्हा उघडून तो खडखडीत वाळवावा लागतो. पॉप-अप पाळणाऱ्यांचा हा पहिला नियम. तुम्ही तो पाळला नाहीत आणि मग डागांवर ब्लीच मारलंत. ब्लीचनं डाग फिके होतात हे खरं. सोबत शिवणीचा दोरा कमजोर होतो आणि पाणी झटकून टाकणारा कापडावरचा थरही निघून जातो. म्हणजे पाऊस अडवण्यासाठी असलेल्या कापडाकडून तुम्ही नेमकं तेवढं एक काम काढून घेतलंत.

आता ‘नेहमी गराजमध्ये’. ट्रेलरच्या डाव्या बाजूची निळी-लाल पट्टी अजून टवटवीत आहे. उजव्या बाजूची उन्हानं इतकी विटली आहे की अक्षरं बोटानं चाचपून वाचावी लागतात. तुमच्या गराजमध्ये सूर्य एकाच बाजूनं येत असावा. वास्तुशास्त्रात याला काय म्हणतात?

‘फारसा वापरलेला नाही’ हे वाक्य तर तुम्ही स्वतःच, खिचडी दुसऱ्यांदा वाढून घेता घेता मोडीत काढलंत. हाच पॉप-अप घेऊन यलोस्टोनला कसे गेलात आणि फिशिंग ब्रिजला अस्वलांच्या शेजारी कसे राहिलात, हे ऐकून मुलांचे डोळे विस्फारले. त्याच उत्साहात मी तिथलं बुकिंग बघायला गेले. फिशिंग ब्रिजच्या आरव्ही पार्कात कडक भिंतींचीच वाहनं चालतात. ग्रिझली अस्वलांच्या वावरामुळे तिथे तंबूला बंदी आहे आणि कापडी भिंतींच्या पॉप-अपलाही. तेव्हा एक तर तुम्ही तिथे राहिला नाहीत, किंवा अस्वलांनी आपला माणूस म्हणून तुम्हाला सूट दिली.

‘टायर नवे’ यात मात्र तांत्रिकदृष्ट्या चूक काढता येत नाही. चाललेच नाहीत म्हटल्यावर नवेच की. टायरच्या अंगावर डीओटी या अक्षरांनंतर येणाऱ्या कोडचे शेवटचे चार आकडे उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगतात. आपले आकडे आहेत २३१२, म्हणजे २०१२ सालचा तेविसावा आठवडा. ट्रेलरचे टायर मैलांपेक्षा वर्षांनी अधिक मरतात. नक्षी शाबूत दिसली तरी पाच-सहा वर्षांत बदलावे असं जाणकार सांगतात, कारण रबर आतून वाळतं आणि भर हायवेवर फाटतं. तुमच्या टायरांवर चमकेचा फवारा इतका मनापासून मारला होता की खाचांमधल्या भेगासुद्धा चकाकत होत्या. चाकं काढून हब उघडले तर ग्रीसच्या जागी तपकिरी भुकटी. वर्षातून एकदा बेअरिंग धुऊन नवं ग्रीस भरायचं असतं. ही भुकटी बहुधा टायरांच्या वयाची होती.

छप्पर वर नेण्याचा सोहळाही विसरता येणार नाही. समोरच्या दांड्यानं विंच फिरते, तिची तार कप्प्यांवरून चार कोपऱ्यांच्या खांबांना जाते आणि चारही खांब एकदम वर सरकायला हवेत. लॉइड बोन्ट्रेगर नावाच्या गृहस्थानं १९६८ साली इंडियानातल्या मिडलबरीजवळ आपल्या शेतावर घडीचे कॅम्पर बनवायला घेतले, तेही छप्पर उचलण्याच्या स्वतः शोधलेल्या यंत्रणेच्या जोरावर. त्यातून जेको ही कंपनी उभी राहिली आणि आज तो सगळा परिसर आरव्ही उद्योगाची राजधानी म्हणवतो. या सगळ्या लोकांची हयात छप्पर चारही बाजूंनी सारखं उचलण्यात गेली. तुम्ही मात्र दांडा माझ्या मुलाच्या हातात दिलात आणि बोलता बोलता सहज मागच्या उजव्या कोपऱ्याला खांदा लावून उभे राहिलात. ‘हिला जरा लाड लागतात,’ असंही म्हणालात. आम्हाला तो जिव्हाळा वाटला. तार त्या कोपऱ्यात पाच-सहा धाग्यांवर लोंबत होती, आणि तिच्या भरवशावर टांगलेल्या छपराखाली आमची मुलं खिचडी खात होती. इथे माझी थट्टा थांबते, दादा. बाकी सगळ्याचा हिशोब पैशांत करता येतो, याचा नाही.

आता मुख्य कलाकृतीकडे वळू. ‘एकदाही गळला नाही.’

लडिंग्टन स्टेट पार्कची जागा मिळवायला सहा महिने आधी, बुकिंग उघडताच कॉम्प्युटरपुढे बसावं लागतं. तशी ती मिळवली. लेक मिशिगनवरून रात्री पाऊस आला आणि मागच्या उजव्या कोपऱ्यातून धार थेट पलंगावर लागली. इथल्या स्टेट पार्कांत रात्री दहा ते सकाळी आठ शांतता पाळण्याचा नियम आहे. नाहीतर त्या रात्री तुमचं नाव मी बरंच मोठ्यानं घेतलं असतं.

घरी येऊन मी शिडी लावली. पॉप-अपच्या छपराची रचना तुम्हाला ठाऊकच आहे, पण वाचकांसाठी सांगते. वर पत्रा, आत लाकडी पट्ट्या आणि फोम, खाली पातळ प्लाय. पत्र्याच्या कडेनं धातूची पट्टी स्क्रूनं बसवलेली असते आणि तिच्याखाली ब्यूटिलची चिकट टेप. टेप काही वर्षांनी सुकते आणि स्क्रूच्या भोकांतून पाणी आत उतरतं. हे प्रत्येक जुन्या पॉप-अपचं होतं, त्यात तुमचा दोष नाही. उपायही सोपा. पट्टी सोडवायची, जुनी टेप खरवडायची, नवी लावायची, स्क्रू आवळायचे आणि कडेला छपरासाठीचं सीलंट द्यायचं. टेपचं वेटोळं दहा-पंधरा डॉलरला मिळतं. शनिवार-रविवारचं काम.

तुम्ही काय केलंत? न्हाणीघरातल्या फरशीच्या कडेला लावतात तो सिलिकॉन पट्टीवरून फासलात. सिलिकॉनचे दोन गुण आहेत. उन्हातान्हात फुगणाऱ्या-आकसणाऱ्या पत्र्यावर तो फार काळ धरून राहत नाही आणि त्याच्यावर दुसरं काही चिकटत नाही, नवा सिलिकॉनसुद्धा नाही. दुरुस्ती करायची तर आधी त्याचा कण न् कण खरवडून काढावा लागतो. शिवाय पट्टीची खालची कड त्यानं बुजली की आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट उरत नाही. ते आतच राहतं आणि सावकाश लाकूड खातं. थोडक्यात, काहीच केलं नसतंत तर छप्पर जास्त जगलं असतं.

आणि त्या कोपऱ्यात, सिलिकॉन बोटानं ओढलेल्या रेघेच्या शेवटी, अंगठ्याचा ठसा आहे. स्वच्छ, रेषा न् रेषा मोजता येईल असा. त्या पांढऱ्या थराखाली पिवळा पडलेला एक थर निघाला आणि त्याच्याखाली काळपट झालेला आणखी एक. जे छप्पर एकदाही गळलं नाही, त्याला तीनदा मलम? मी तो तुकडा ब्लेडनं कापून काढला आहे आणि प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला आहे. हवा असल्यास पोस्टानं पाठवते.

पलंगाच्या पायाशी जमिनीवर तुम्ही नवं कोरं विनाइल चिकटवलं होतं, तेही फक्त त्याच कोपऱ्यात. ते उचकटून स्क्रूड्रायव्हर टेकवला तर तो मुठीपर्यंत आत गेला आणि बाहेर येताना ओला, काळा भुगा घेऊन आला. पलीकडच्या उशीच्या फोममध्ये उंदरांचं बिऱ्हाड सापडलं. ट्रेलरची माहितीपुस्तिका ‘कुठेतरी हरवली’ म्हणाला होतात ना? हरवली नव्हती. बारीक कातरून, चिवड्यातल्या शेंगदाण्यांच्या सालांसकट, त्यांनी गादी केली होती. तुमच्या घरात ती पुस्तिका कुणीतरी उपयोगात आणली याचा आनंद झाला. वाचकहो, अशी घाण कधी कोरडी झाडू नका. हरणउंदरांच्या लेंड्यांच्या धुळीतून हंताव्हायरस पसरतो आणि २०२१ साली मिशिगनमधला पहिला रुग्ण वॉशटेनॉ काउंटीत सापडला होता. हातमोजे घालायचे, ब्लीचचं पाणी मारून पाच मिनिटं भिजू द्यायचं आणि मग पुसून घ्यायचं. ब्लीच नेमकं कुठे वापरायचं असतं हे दादांनाही यातून कळेल.

सर्व्हिस सेंटरनं छपराच्या दुरुस्तीचा जो आकडा सांगितला तो तुम्हाला दिलेल्या किमतीहून मोठा होता. त्या माणसानं वर आम्हाला हसून विचारलं, ‘ओळखीच्याकडून घेतलात का?’ कायद्याचं म्हणाल, तर पावतीवर तुम्ही सुवाच्य अक्षरात ‘अ‍ॅज इज’ लिहून घेतलेलं आहे. खाजगी विक्रीत दुकानदारावर येते तशी हमीची जबाबदारी तुमच्यावर येत नाही, हे तुम्हाला पाठ असणार. मुद्दाम खोटं सांगितल्याचं सिद्ध केलं तर कोर्ट ऐकतं, पण वकिलाच्या फीमध्ये दुसरा पॉप-अप येतो. तुमचा हिशोब चोख आहे.

फक्त एक गोष्ट तुम्ही हिशोबात धरली नाहीत. ‘छप्पर मागच्या कोपऱ्यात गळतं, लाकूड गेलंय, दीड हजार द्या’ असं म्हणाला असतात तरी आम्ही घेतला असता. अशी छपरं नव्यानं बांधणारे हौशी लोक इथे गल्लोगल्ली आहेत, आणि एव्हाना त्यांत मीही बसते. तुम्हाला तीन हजार जास्त मिळाले, त्या बदल्यात गेलं काय ते बघा. पुण्या-नाशकाहून, नागपुराहून नवं जोडपं इथे येतं, तेव्हा पहिली गाडी, पाळणा, गादी, लहान मुलाची कारसीट असं सगळं मंडळाच्या ग्रुपवरूनच घेतं. अपघातात सापडलेली कारसीट वरून धड दिसते. ती धड आहे की नाही हे विकणाऱ्याच्या शब्दाशिवाय कळायला मार्ग नसतो. आम्हा सगळ्यांचा इथला जुन्या वस्तूंचा बाजार असा शब्दावर चालतो. ‘आपला माणूस’ ही त्या बाजारातली एकमेव वॉरंटी. छपरावर सिलिकॉन आणि व्यवहारावर ‘आपला माणूस’, दोन्ही तुम्ही एकाच बोटानं फासलंत, आणि दोन्हीखाली लाकूड कुजलं.

हे आत्ताच लिहायचं कारण तुमची नवी जाहिरात. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या कारखान्यांतून सहा लाखांवर आरव्ही बाहेर पडले, तोवरचा उच्चांक. कोविडच्या त्या लाटेत तुम्ही घेतलेला अठ्ठावीस फुटी ट्रॅव्हल ट्रेलर आता विकायला काढला आहेत. ‘आपल्याच माणसाला द्यायचा. नेहमी गराजमध्ये.’ दादा, घरच्या गराजचं दार साधारण सात फूट उंच असतं आणि असा ट्रेलर दहा-अकरा फूट. पूर्वी तुम्ही निदान गराजात मावेल अशा वस्तूबद्दल खोटं बोलत होतात.

तेव्हा तो बघायला जाणाऱ्यांना विनंती. खिचडी नंतर खा. आधी छपराचा आणि जमिनीचा प्रत्येक कोपरा अंगठ्यानं दाबून बघा, दाबला जातो तिथे पाणी आहे. टायरवरचे चार आकडे वाचा. उशा उचला, नवं विनाइल कुठे आणि का आहे ते विचारा. पाऊस पडून गेल्यावर न सांगता दुसऱ्यांदा जा आणि उदबत्ती लावलेली असेल तर तिसऱ्यांदा.

आणि दादा, तुम्हाला एवढंच सांगणं. जुना ट्रेलर गळतो हा गुन्हा नव्हे. गळतो हे माहीत असून तीनदा झाकणं आणि चौथ्यांदा ‘नाही’ म्हणणं हा गुन्हा आहे. पैसे परत मागत नाही. मागितले तर तुम्ही मंडळातून नाव काढाल आणि गणपतीला ढोल वाजवायला माणूस कमी पडेल. नव्या जाहिरातीत मात्र एक ओळ घाला: ‘कुठे गळतो ते दाखवून देईन.’ ती घातलीत की हे पत्र मी मागे घेते.

कळावे,

तुमच्या पॉप-अपची सध्याची मालकीण